त्रेचाळीस प्रश्नांचं घर

घर बघायला गेलो त्या दिवशी माझ्या खिशात त्रेचाळीस प्रश्न होते. त्यांतला एकही कामाचा नव्हता, हे कळायला मला पाच महिने लागले.

मी छापखान्यात मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा माझा धंदा आणि, बायकोच्या मते, माझा स्वभाव. धावत्या बसमधून दुकानाच्या पाटीवरचा चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ मला खुपतो. त्यामुळे घर घ्यायचं ठरलं आणि ती म्हणाली, "नीट बघून घ्या," तेव्हा मला जरा लागलंच. सव्वीस वर्षं मी दुसरं केलं काय होतं?

तरी चार लोकांना विचारावं म्हणून आमच्या भाड्याच्या घराशेजारी राहणाऱ्या गृहस्थांकडे गेलो. त्यांना आम्ही 'अनुभवी' म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'मी अनुभवाने सांगतो' असं सुरू होतं. त्यांनी स्वतः आयुष्यात एकही घर घेतलेलं नाही, त्यामुळे त्या बाबतीतला त्यांचा अनुभव अजून कोरा करकरीत आहे. त्यांनी पंखा लावला, मला बसवलं आणि सोळा प्रश्न सांगितले. उन्हं कुठल्या खिडकीतून येतात. पाणी किती वाजता येतं. शेजारी कुत्रा आहे का, आणि असेल तर तो कोणावर भुंकतो. बाकीचे प्रश्न छापखान्यातल्या मंडळींनी पुरवले. मी ते सगळे सुवाच्य अक्षरात लिहून काढले, विषयवार लावले आणि दोनदा शुद्धलेखन तपासलं.

एका माणसाला मात्र काही विचारलं नाही. माझ्या सासऱ्यांना.

सासरे गवंडी होते. चाळीस वर्षं त्यांनी याच गावात भिंती उभ्या केल्या. छापखान्यात कोणी विचारलं तर मी 'ते बांधकाम क्षेत्रात होते' असं सांगत असे. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतं, त्यात खोटंही काही नव्हतं, आणि तरी ते बोलून झालं की मी घाईघाईने दुसरा विषय काढत असे.

एका रविवारी ते जेवायला आले असताना बायकोने त्यांना घराचा पत्ता सांगितला. "पाण्याच्या टाकीमागे, तिसरी ओळ. शेवटचं घर."

त्यांचा घास हातातच राहिला. "शेवटचं? उजव्या अंगाचं की डाव्या?"

"उजव्या."

त्यांनी घास ताटात ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "जावईबापू, मी येऊ का एकदा बघायला?"

'या' म्हणायला मला काय झालं होतं, कोण जाणे. पण माझ्या डोळ्यांसमोर एक चित्र उभं राहिलं. मी घरमालकांशी सभ्यपणे बोलतोय आणि हे मागे उकिडवे बसून नाण्याने भिंत ठोकून बघतायत. मी म्हणालो, "तुम्ही कशाला उन्हातान्हाचा त्रास घेता, बाबा? आपण तपासणीला इंजिनिअर ठरवलाय. ते सगळं शास्त्रशुद्ध करतात."

"शास्त्रशुद्ध," ते म्हणाले. मान डोलावली आणि खाली ताटात बघून जेवू लागले. बायकोने त्या दिवशी मला दुसऱ्यांदा वाढलं नाही.

इंजिनिअर तरुण होता आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून आला होता. बैठ्या घरात डोक्यावर काय पडणार होतं ते मला कळलं नाही, पण त्यामुळे तपासणीला एक वजन आलं. त्याच्या हातात एक यंत्र होतं. ते भिंतीला टेकवलं की टूं असा आवाज यायचा आणि तो गंभीरपणे 'छान' म्हणायचा. मीही 'छान' म्हणायचो.

घरमालक निवृत्त ग्रंथपाल होते. सज्जन माणूस. मुलीकडे कायमचे राहायला निघाले होते. त्यांनी आम्हाला पाणी दिलं आणि म्हणाले, "विचारा काय विचारायचं ते. जे विचाराल त्याचं खरं उत्तर देईन." असं बोलणाऱ्या माणसाला खोदून काही विचारणं माझ्या स्वभावात नाही. मी यादी काढली आणि क्रमाने वाचत गेलो. ते क्रमाने उत्तरं देत गेले. कुत्रा होता, पण फक्त स्वतःच्या मालकावर भुंकायचा. प्रश्न क्रमांक एकोणतीस होता, फरशी कधी बसवली?

"बाकीच्या खोल्यांतली जुनी आहे," ते म्हणाले. "स्वयंपाकघरातली मात्र दोन वर्षांपूर्वीच नवी घातली."

मी 'नवी' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. दोन खोल्यांची फरशी जुनी आणि एकाच खोलीची नवी, हे ऐकून कोणत्याही शहाण्या माणसाच्या तोंडून पुढचा शब्द आपोआप निघाला असता. 'का?' दोन अक्षरंही नाहीत. पण प्रश्न क्रमांक तीस खिडक्यांच्या जाळ्यांबद्दल होता आणि मी क्रम मोडणाऱ्यांपैकी नाही.

स्वयंपाकघराचं दार बोटाने ढकललं की अलगद उघडायचं आणि पार भिंतीपर्यंत जायचं. मी बायकोला कौतुकाने दाखवलं, "बिजागऱ्या बघ कशा मऊ आहेत." कागदपत्रांत त्या जागेच्या जुन्या नकाशाची झेरॉक्स होती. तिच्यात घराच्या मागच्या अंगाला एक छोटं वर्तुळ होतं. ते मात्र माझ्या नजरेतून सुटलं नाही. मी इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला, "कपाचा डाग असेल, झेरॉक्सवर उमटलेला." हे मला तत्काळ पटलं, कारण आमच्या छापखान्यात कपाचा डाग नसलेलं मुद्रित अजून कोणी पाहिलेलं नाही.

आठवड्याने बावीस पानी अहवाल आला. शेवटचा शेरा 'एकंदरीत समाधानकारक' असा होता. मी तो दोन बैठकांत वाचून काढला, शुद्धलेखनाच्या चौदा चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आणि एक प्रत इंजिनिअरला परत पाठवली. मनाला फार बरं वाटलं. घर घेतलं.

राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यात बायकोच्या हातून एक बटाटा पडला. तो गडगडत मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन थांबला. तिने उचलून आणला. दुसऱ्या दिवशी कांदा पडला, तोही त्याच कोपऱ्यात गेला. बटाटा आणि कांदा यांचा आकार वेगळा, वजन वेगळं, पण जाण्याचं ठिकाण एकच, हे बघून ती म्हणाली, "अहो, इथे उतार आहे."

"फरशी धुतल्यावर पाणी वाहून जायला ठेवतात तसा," मी म्हणालो. कुठे वाहून जायला, ते मलाही ठाऊक नव्हतं. त्या कोपऱ्यात मोरी नव्हती.

मग दूध तापवायला ठेवलं की भांड्यात एका बाजूला वर आणि एका बाजूला खाली दिसू लागलं. फ्रिजचं दार आपोआप उघडू लागलं. मी शेगडीच्या दोन पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या घातल्या, फ्रिजखाली घातल्या, मग टेबलाखाली घातल्या. महिन्याभरात आमचं निम्मं स्वयंपाकघर छापखान्यातल्या पुठ्ठ्यावर उभं होतं आणि दर पंधरवड्याला मी एकेक घडी वाढवत होतो. मागच्या भिंतीला एक बारीक तडा दिसला तेव्हा अनुभवींना बोलावलं. ते म्हणाले, "मी अनुभवाने सांगतो, तड्यावर कागदाची पट्टी चिकटवा आणि तारीख घाला. पट्टी फाटली तर काळजी करायची." मी पट्टी चिकटवली. सहाव्या दिवशी ती फाटली. पुढे काय करायचं हे विचारायला गेलो, तर ते म्हणाले, "आता काळजी करायची."

मी इंजिनिअरला फोन केला. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, अहवालाचं पान एकोणीस बघा." मी अहवाल काढला. तिथे लिहिलं होतं, 'जमीनीखालील भागाची तपासणी या अहवालात समाविष्ट नाही.' त्या वाक्यातल्या 'मी'वर माझी लाल खूण होती. मी तो ऱ्हस्व करून ठेवला होता. 'जमिनीखालील.' वाक्य मी वाचलं होतं, एक वेलांटी बदलून पुढे गेलो होतो. पायाखालची जमीन सरकणे हा वाक्प्रचार मी आयुष्यात शेकडो पुस्तकांत तपासला असेन. त्या दिवशी खुर्चीवर बसून फोन हातात धरलेला असताना तो पहिल्यांदा नीट कळला.

मग ग्रंथपालांना फोन केला. आवाज चढवायचं ठरवूनच केला होता, पण त्यांनी आधी बायकोची चौकशी केली आणि माझा आवाज उतरला. मी फरशीचं सांगितलं.

"ती दोनदा बदलली होती," ते म्हणाले. "खचत होती. तुम्ही विचारलंत कधी बसवली, मी खरं सांगितलं. का बसवली विचारलं असतंत तर तेही सांगितलं असतं. मी वाट बघत होतो हो. तुम्ही एकदम जाळ्यांवर गेलात."

यावर मी त्यांचे आभार मानून फोन ठेवला. आभार कशाचे मानले ते विचारू नये.

आता उरला होता तो कपाचा डाग. नकाशाची स्वच्छ प्रत मिळवायला मी नगरपालिकेच्या नोंदींच्या खिडकीवर गेलो. तिथल्या बाईंनी अर्जाचा नमुना दिला आणि सांगितलं, "सोबत नकाशाची प्रत जोडा."

"प्रत मिळावी म्हणूनच अर्ज करतोय."

"झेरॉक्स असेल ना तुमच्याकडे?"

"आहे."

"मग अर्ज कशाला करताय?"

मी अर्ज घेऊन घरी आलो. दुसऱ्या फेरीत बाई रजेवर होत्या. तिसऱ्या फेरीत त्यांना माझी दया आली असावी, कारण त्यांनी मूळ नकाशाच काढून टेबलावर पसरला. वर्तुळ जागच्या जागी होतं. कप नव्हताच कधी.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"विहीर."

"कोणाची?"

त्यांनी गट क्रमांक बघितला, माझ्या अर्जाकडे बघितलं. "तुमची."

"पण तिथे आमचं स्वयंपाकघर आहे."

"असेल. विहीर बुजवल्याची नोंद नाही. म्हणजे आमच्या लेखी ती चालू आहे." मग जरा विचार करून म्हणाल्या, "उघड्या विहिरीला कठडा बांधायचा नियम आहे, बरं का. नसेल तर नोटीस येते."

मी घरी येऊन बायकोला हे सांगत होतो. ती ओट्यापाशी उभी राहून भांडी विसळत ऐकत होती. मी कठड्यापर्यंत आलो, आणि तिच्या उजव्या पायाखालची फरशी, कसलाही आवाज न करता, वीतभर खाली गेली. पाय पोटरीपर्यंत आत. मी धावलो, तिला काखेत धरून वर ओढलं आणि बाहेरच्या खोलीत आणून बसवलं. घोटा डोळ्यांदेखत सुजत होता. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, पंधरा दिवस पाय टेकवू नका. त्या खड्ड्यात मी विजेरी मारून बघितलं. तळ दिसला नाही.

पाय उशीवर ठेवून ती पडली होती. मी म्हणालो, "बाबांना बोलवायला हवं."

"बोलवा."

"तू फोन करतेस?"

"मी नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी 'येऊ का' म्हणून त्यांनी तुम्हाला विचारलं होतं."

मी बाहेर पायरीवर जाऊन वाक्य तयार केलं. 'थोडं मार्गदर्शन हवं होतं.' मग ते खोडलं. शेवटी फोन लागला तेव्हा तोंडातून एवढंच निघालं, "बाबा, येता का?"

"आलो," ते म्हणाले. काय झालं तेही विचारलं नाही.

तासाभरात ते दारात होते. खांद्यावर कापडी पिशवी, तिच्यात थापी, ओळंबा, पातळी बघायची पाण्याची लांब नळी. आधी लेकीचा पाय बघितला, मग स्वयंपाकघरात गेले. यंत्र नाही, टूं नाही. खिशातून खडू काढला, फरशीवर वाकून एक मोठं वर्तुळ काढलं. एकदाही माप घेतलं नाही. निम्मं वर्तुळ ओट्याखाली गेलं. "याच्या आत पाय ठेवू नका," ते म्हणाले. मी मनात म्हटलं, याला म्हणतात अनुभव.

तीन आठवडे काम चाललं. त्यांनी त्यांच्या हाताखाली शिकलेले दोन गवंडी आणले होते, आणि मी रजा काढून घमेली वाहत होतो. फरशी उखडली. खालची भुसभुशीत माती, विटांचे तुकडे, कुजलेल्या फळ्या काढल्या. मग मुरमाचा थर, पाणी, धुम्मस. पुन्हा थर, पुन्हा पाणी, पुन्हा धुम्मस. धुम्मस म्हणजे माती दाबायचा लोखंडी ठोकळा, लांब दांडीचा. तिसऱ्या दिवशी माझे तळहात असे झाले की लाल पेनही धरवेना. सासरे खुर्चीवर बसून बघत. "अजून," एवढंच म्हणत. अनुभवी एकदा डोकावले आणि म्हणाले, "मी अनुभवाने सांगतो, थर जरा जाड..." सासऱ्यांनी त्यांच्या हातात धुम्मस दिली. "धरा." त्यानंतर ते आमच्याकडे फिरकले नाहीत.

सगळ्यात शेवटी विहिरीच्या तोंडावर, चारी बाजूंनी पक्क्या जमिनीवर टेकेल अशी सळयांची जाळी बांधली आणि तिच्यावर काँक्रीट ओतलं. गवंडी हात धुऊन गेले. सासरे ओलं काँक्रीट न्याहाळत उंबऱ्यापाशी उभे होते. बायको आता भिंतीला धरून चालू लागली होती. ती मागे येऊन उभी राहिलेली आम्हा दोघांनाही कळलं नाही.

मी म्हणालो, "बाबा, एक विचारू? त्या दिवशी माप न घेता वर्तुळ कसं काढलंत?"

त्यांनी थापी उचलली. मग म्हणाले, "ही विहीर मीच बुजवली."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"बावीस-तेवीस वर्षांचा असेन. ठेकेदार म्हणाला, पंधरा दिवसांत ओळीचा पाया घ्यायचा आहे, मिळेल ते टाका आणि वरून माती ओढा. मी म्हटलं, थर देऊन दाबायला पाहिजे. तो म्हणाला, तुला शिकवायला ठेवलंय की काम करायला. मग टाकलं मिळेल ते." त्यांनी थापी पुसली. "तुम्ही पत्ता सांगितलात तेव्हाच ओळखलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"बघायला येऊ का, म्हटलं होतं. आलो असतो तर तिथेच दाखवलं असतं. तुम्ही म्हणालात, शास्त्रशुद्ध करतायत." ते खाली बघत होते. "म्हटलं, बघू दे शास्त्र. जेवून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी वाटलं, फोन करावा. मग म्हटलं, त्यांना नकोय तर आपण कशाला. असं रोज वाटायचं. मग तुम्ही घेतलंच. पोरीच्या घरावर राग काढला मी, जावईबापू. म्हाताऱ्या माणसाने करायची गोष्ट नव्हती ती."

त्यांची चूक म्हणावी, तर ती माझ्या चुकीला टेकून उभी होती. माझी काढली असती तर त्यांचीही कोसळली असती.

तेवढ्यात मागून बायकोचा आवाज आला. मोठा नव्हता. मोठा असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, बाबा," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आणि तुम्हाला विचारायचं नव्हतं. तुम्ही दोघं आपापला मान सांभाळत बसलात, आणि विहिरीत पाय गेला माझा."

तिने आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "बाहेर बसा दोघं. ते वाळेपर्यंत आत यायचं नाही."

काँक्रीट वाळायला किती दिवस लागतात हे सांगायची त्या क्षणी बांधकाम क्षेत्रातल्या अनुभवी माणसाचीही छाती झाली नाही. आम्ही मुकाट्याने बाहेर पायरीवर जाऊन बसलो. दुपार होती. शेजारचा कुत्रा आपल्या मालकावर भुंकत होता. आत, मधल्या खोलीत हलवलेल्या भांड्यांचा आवाज येत होता, जरा जास्तच.

ती दोन दिवस आमच्याशी बोलणार नव्हती, हे मला अठरा वर्षांच्या संसाराने ठाऊक होतं आणि त्यांना त्याहून जुन्या नात्याने. ओटा परत बसेल, तडा बुजेल, दूध भांड्यात सरळ राहील. पण आता ती फरशीवर पाऊल टाकण्याआधी एकदा थबकायची, आणि ते थबकणं कुठल्या काँक्रीटने भरून येणार होतं, ते आम्हा दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं.

सासऱ्यांनी दोन्ही हातांनी गुडघा धरून पाय हळूच सरळ केला. त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं.

"दुखतो का?" मी विचारलं.

"दुखतो."

"कधीपासून?"

त्यांनी जरा आठवून बघितलं.

"तुमच्या लग्नाच्या आधीपासून," ते म्हणाले.